ओठावर बोट ठेवणारा के

मी के बोलतोय. इंग्रजीतला के. हसू नका! 'नी' म्हणजे गुडघा, त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये सगळ्यांत पुढे मी उभा असतो, पण माझा उच्चार कोणी करत नाही. बोलायची सवय नाही, जरा अडखळलो तर सांभाळून घ्या.

मी पुठ्ठ्याचा आहे. दिग्रसजवळच्या एका शाळेत दुसरीला शिकवणाऱ्या शीला मॅडमनी साबणाच्या खोक्यातून मला कापलं आणि सुतळी ओवली. पाठीवर अजून अर्धी वडी छापलेली आहे.

खेळ साधा. मुलांनी आम्हा अक्षरांना गळ्यात घालून ओळीत उभं राहायचं आणि आपापला आवाज काढायचा. एन घातलेला पिंटू "न्" ओरडायचा, दोन पोरी मिळून "ईऽऽ" करायच्या. मला घालणाऱ्यानं मात्र ओठावर बोट ठेवायचं. झालं, स्पेलिंग पाठ!

"म्याडम, याच्यात ओरडाले भेटत नाई," म्हणून पिंटू मला घ्यायचा नाही. बाकीचेही तसेच. मग मॅडमनी मला खुशीच्या गळ्यात घातलं. खुशी बंजारा तांड्यावरची, घरी त्यांची गोरबोली बोलणारी. मराठी बोलताना एकदा चुकली, पोरं खिदळली, तेव्हापासून वर्गात तिचं तोंड मिटलेलं. बिचारीला हेच सोपं जाईल, असं मॅडमना वाटलं. खोटं कशाला बोलू, मला तर आनंदच झाला. काय जपायची ती मला! फ्रॉकनं पुसायची, सुतळी तुटली तर स्वतः गाठ मारायची. रोज तीच आणि रोज मी. तिला दुसरं अक्षर देऊन बघावं, हे दिवाळीपर्यंत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

दिवाळीनंतर एक दिवस तिचे वडील धरमसिंग वर्गाच्या दारात आले.

"उद्या ऊसतोडीले चाललो, म्याडम. घरी कोणी नाई, पोरीले संगं नेतो."

"गुणी आहे हो तुमची खुशी," मॅडम म्हणाल्या, "पण एक शब्द बोलत नाही."

"घरी त चूपच नाई बसत! बकऱ्यायले लायनीत उभं करते अन् सारे स्पेलिंग म्हनते. म्या इचारलं, शाळेत बी अशीच ओरडते का वं? त म्हने, नाई, म्याडमनं मले चूप राहाचं अक्षर देल्लं."

धरमसिंग हसत होते. मॅडमना हसू आलं नाही. त्यांनी घाईघाईनं मला काढलं आणि पिंटूचा एन खुशीच्या गळ्यात घातला. "बोल बेटा."

खुशीनं एनकडे पाहिलं, मग वर्गाकडे पाहिलं आणि हळूच ओठावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. मॅडम आता रोज अक्षरं बदलून देतात, मला मात्र खिळ्यावरून काढत नाहीत. माझ्या सुतळीला खुशीनं मारलेली गाठ आहे. मी तिचा आवाज कधी ऐकलाच नाही हो! तो बकऱ्यांनी ऐकला.

उसाच्या फडाजवळच्या एखाद्या शाळेत ओठावर बोट ठेवून बसलेली मुलगी दिसली, तर तिला काही येत नाही असं समजू नका. तिला सगळं येतं. ते बोट माझ्यामुळे तिथं बसलंय. तेवढं कोणीतरी खाली घ्या.