मॅकास्किलच्या तीन टोप्या

कोरीटचा मुलींचा फुटबॉल संघ ब्राह्मणपुरीकडून सात-शून्य हरला. पण असा सामना झालाच नाही, असं क्रीडा मंडळाचे अध्यक्ष चुडामण आप्पा सांगतात, तेव्हा आपणही तो झाला नाही असं धरून पुढे जाऊ.

ब्राह्मणपुरी ही आप्पांची सासरवाडी. तिथे हरायचं म्हणजे दर दिवाळीला मेहुण्यांचे टोमणे ऐकत, मान खाली घालून करंज्या गिळायच्या. म्हणून सामन्याआधी आप्पा जातीने मैदानावर आले आणि चेंडू ठेवायच्या खोलीच्या दारावर त्यांना एक फोटो दिसला.

तो लावला होता ममताने. संघात बचावाला खरी अशी ती एकटीच. फोटो शंभर वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश बचावपटूचा, डंकन मॅकास्किलचा. झुबकेदार मिशी, गुडघे झाकणारी चड्डी, बघणाऱ्यावर रोखलेली नजर. खाली मोबाइलने मराठीत करून दिलेली माहिती : ‘मॅकास्किल यांनी आयुष्यभर बचाव केला. त्यांची दोनदा बदली झाली. देशाने त्यांना तीन टोप्या घातल्या.’

आप्पांनी चष्मा पुसला.

“ममता, हाऊ बाबा जलमभर बचाव करस. मंग आरोप काय व्हता त्यान्हावर?”

“आरोप नही, आप्पा. तो बॅक व्हता. बॉल अडावे.”

“आन बदली काबर व्हयनी?”

“दुसऱ्या क्लबनी इकत लिधा त्याले.”

“इकाई बी गया!”

आपल्या जिल्ह्यात बदलून येणारा प्रत्येक साहेब आधी कुठेतरी काहीतरी करून आलेला असतो, असं आप्पांचं पक्कं मत. त्यात हा विकला गेलेला.

“टोपी म्हंजे मान, आप्पा. देशाकडथून खेयना की देतस.”

“देतस नही, घाल्यात असं लिखेल शे. एक डाव घाली ते समजू. तीन डाव टोपी घाली तरी हाऊ खेयीच ऱ्हायना? एक ते येडा, नही ते त्यासले मियेल, फितूर.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “तुन्ही मावशी ब्राह्मणपुरीनी ना?”

चहा घेऊन आलेल्या जसोदाबाई, म्हणजे आप्पांची बायको, म्हणाल्या, “मी बी तठलीच शे.”

“म्हनीसनच तुले टीममा लिधं नही.”

चौकशी पूर्ण होईपर्यंत ममता संघाबाहेर बसली. तिच्या जागी आप्पांनी अशी मुलगी उभी केली, जिच्यावर कसलाही संशय घेता येत नव्हता. तिने जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता.

जो सामना झाला नाही, त्यात पहिला गोल आप्पा खुर्चीवर टेकायच्या आत झाला. उरलेले सहा त्यांनी उभ्यानेच पाहिले. बॅक नसला की काय होतं, हे त्यांना तेवढ्यात चांगलंच कळलं. दुसऱ्या दिवशी ममता बूट पिशवीत घालून मावशीकडे गेली आणि ब्राह्मणपुरीकडून खेळू लागली.

“दखं? मियेलच व्हती!” आप्पा म्हणाले.

“तुम्हीच त धाडी तिले,” जसोदाबाई म्हणाल्या.

पुढचा सामना दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा ब्राह्मणपुरीशीच. आप्पा दारावरच्या त्या मिशीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग मंडळाचं लेटरहेड काढून त्यांनी लिहिलं :

‘प्रति, मा. अध्यक्षसाहेब, फुटबॉल विभाग, स्कॉटलंड. विषय : बचावपटू तात्पुरता मिळणेबाबत. महोदय, श्री. डंकन मॅकास्किल यांची एका सामन्यापुरती आमच्या मंडळाकडे प्रतिनियुक्ती व्हावी. त्यांच्यावरील आरोपांकडे मंडळ दुर्लक्ष करेल. जेवणाची सोय आहे. सदर इसम मयत असल्यास, तसा दाखला घेऊन त्यांनी स्वतः समक्ष हजर राहावे, ही नम्र विनंती.’