ओळखीचा खांदा

"कोण आहे?" तिनं विचारलं, आणि तेलाचा हात जागच्या जागी थांबला.

"कोण म्हणजे? तुझा नवरा," तो हसला. "दुसरं कोण येऊन बसणार तुझ्यापुढे उघड्या अंगानं?"

आवाज त्याचाच होता. खोकलाही त्याचाच, शेवटी घसा खाकरून थांबणारा. पण बोटांखालचा खांदा तिच्या ओळखीचा नव्हता. हाडावर कातडी सैल पडली होती आणि दंड दाबला की मऊ लागत होता.

"चेष्टा केली हो," ती म्हणाली आणि पाठीपासून पोटऱ्यांपर्यंत कशीबशी मालिश उरकली. झोपताना मात्र ती भिंतीकडे सरकली आणि अंग चोरून पडून राहिली.

लहानपणी तापात तिचे डोळे गेले. तेव्हापासून माणसं तिला हातांनीच कळत. एका डॉक्टरीणबाईंच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात ती मालिश करायची. तिथं सगळे तिला मावशी म्हणत. पाठीवर हात पडायचा अवकाश, मावशी विचारायच्या, "काय, घरून भांडून आलात वाटतं?" आणि समोरचा मुकाट कबूल करायचा. माणूस तोंडानं वाट्टेल ते बोलतो, खांद्याला खोटं बोलता येत नाही, यावर तिची देवापेक्षा जास्त श्रद्धा होती.

नवराही तिला असाच मिळाला. तो गोदामात पोती उचलायचा. सोबतचे हमाल त्याला पैलवान म्हणत, जन्मात कधी आखाड्यात उतरला नव्हता तरी. एकदा खांदा धरला म्हणून तो मालिशीला आला. भरल्या पोत्यासारखा तो घट्ट खांदा तिच्या हाताला लागला आणि तिला एकदम सुरक्षित वाटलं. नाव तिनं नंतर विचारलं.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी पोती बंद केली, मालकानं फाटकापाशी राखणीची खुर्ची दिली. "रोज चाला, जमलं तर हळूहळू पळा," एवढंच डॉक्टर म्हणाले होते. पैलवानाच्या पायाला भिंगरीच लागली. ऊन असो, थंडी असो, उजाडलं की हा बाहेर.

"एवढं कशाला हो जिवाचं रान करता?" ती विचारायची.

"मी गेलो तर तुझं कोण आहे?" असं म्हणून तो बुटाची नाडी बांधायचा.

ओझं सुटलं तशी संध्याकाळची मालिशही सुटली. बायको दिवसभर लोकांची अंगं रगडून येते, तिला आणखी त्रास नको, असं त्याला वाटे. झोपताना तिचा हात त्याच्या मनगटावर असायचा, तेवढाच. त्या दिवशी पाठ भरून आली म्हणून कितीतरी महिन्यांनी तो तिच्यापुढे बसला होता.

आणि त्या दिवसापासून घरातल्या आणखीही गोष्टी तिच्या ध्यानात येऊ लागल्या. दारापाशी एक सैल फळी होती. पैलवान आत आला की ती करकरायची. आता फळी गप्प असायची. ती भांडी घासत असताना पाठीमागून, अगदी कानाशी आवाज यायचा, "चहा आहे का गं?" आणि तिच्या हातातला कप निसटायचा. घरात कुणीतरी शिरायचं आणि घराला त्याचा पत्ता नसायचा.

खिळ्यावर त्याचा गोदामातला जाड कोट होता, खांद्यांवर चामडं शिवलेला. इतक्या वर्षांच्या पोत्यांनी त्याला जो आकार दिला होता, तो त्यानं धरून ठेवला होता. पैलवान पळायला गेला की ती कोटापाशी जाऊन उभी राहू लागली. आधी नुसता हात लावायची. मग बोलू लागली. एका सकाळी तिनं चामड्यावर तळवा ठेवला तर ते गरम होतं. खिडकीतून ऊन आलं असणार हे तिला कळत होतं. तरी तिनं कोट हलकेच काढला, खुर्चीला घातला, आणि शेजारी बसून राहिली.

दार वाजलं.

"अगं, उघड. मी आलो."

ती उठली नाही. "कोण पाहिजे?"

"कोण काय? उघड ना!"

"आमचे हे घरातच आहेत," ती म्हणाली. बोलली आणि तिच्याच अंगावर काटा आला, कारण शब्द अगदी सहज आले होते.

बाहेर बराच वेळ नुसता धापा टाकल्याचा आवाज येत राहिला. मग तो अगदी हळू म्हणाला, "मी आत आहे, तर मग बाहेर कोण उभंय गं?"

तिनं कडी काढली. तो आत आला, खुर्चीपाशी थांबला. थोड्या वेळानं अंगावर पाणी घेतल्याचा आवाज आला आणि तो कामावर गेला.

दवाखान्यात तिनं डॉक्टरीणबाईंना गाठलं. "बाई, नुसतं पळून माणूस बदलतो का हो?"

"म्हणजे?"

"खालून लोखंड नि वरून लोणी. पोटऱ्या दगडासारख्या, आणि खांदा म्हणाल तर माझ्या माणसाचा नाहीच."

बाई हसल्या, पण तिचा चेहरा पाहून खुर्ची ओढून बसल्या. "मावशी, पळण्यानं पाय टिकतात, दम वाढतो. हातखांद्यांना त्यात काही काम नाही. आयुष्यभर पोती उचलली आणि एकदम सोडली, त्यात हे वय. स्नायू ओसरणारच. माणूस तोच आहे हो."

"परत भरतील?"

"पहिल्यासारखे नाही. पण थोडे भरतील. हलकं वजन उचलू देत, त्यांच्या डॉक्टरांना विचारून." बाईंनी तिच्या हातात वाळूच्या दोन छोट्या पिशव्या ठेवल्या.

तिचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच लाजेनं ती अर्धी झाली. ज्यानं आपल्यासाठी धावून धावून जीव आटवला, त्यालाच आपण दाराबाहेर उभं केलं. आज त्याची माफी मागायची, पिशव्या त्याच्या हातात द्यायच्या, असं घोकतच ती घरी आली. खिळ्यावर कोट नव्हता. तिनं खुर्ची चाचपली; तिथंही नव्हता.

संध्याकाळी दार उघडलं. पैलवान मुद्दाम पाय आपटत आला. फळी करकरली.

"खांदा धरलाय," तो म्हणाला आणि तिच्यापुढे पाठ करून बसला. "वरूनच दाब. थंडी वाजतेय, कोट नाही काढत."

तिनं हात ठेवले. चामड्याखाली खांदा भरलेला होता, रुंद आणि घट्ट. तिची बोटं सवयीनं कॉलरीतून आत सरकली. आत टॉवेल होता, नीट घड्या घालून बसवलेला. त्याची उसवलेली कड तिनंच गेल्या आठवड्यात टाचली होती. दुसऱ्या खांद्यावर उशीचा अभ्रा होता.

तो श्वास रोखून बसला होता.

वाळूच्या पिशव्या तिच्या पिशवीत होत्या. त्या तिनं काढल्या नाहीत. उद्या काढू, असं तिनं ठरवलं. तळव्यावर तेल घेतलं आणि कॉलरीतून हात घालून ती टॉवेल रगडू लागली, आधी अंगठ्यानं, मग चारी बोटांनी, गाठीगाठीवर थांबत.

"फार कडक झालाय हो," ती म्हणाली. "आज ओझं जास्त होतं का?"

"होतं थोडं," तो म्हणाला.

ती रगडत राहिली. तेल टॉवेलात मुरत गेलं.