खडूने आखलेला आठवडा

आईने पेन हातात घेतलं तेव्हा थोरलीच्या लक्षात आलं, आता गप्प राहिलं तर पुढची पंचवीस वर्षं हेच बोलत बसावं लागेल.

हॉटेलच्या तळमजल्यावरचा हॉल होता. गोल टेबलं, प्रत्येकावर पाण्याच्या बाटल्या आणि तळ्याकाठच्या घरांचे गुळगुळीत फोटो. कुणी सही केली की कोपऱ्यातली घंटा वाजायची आणि सगळ्या टेबलांवरचे टायवाले टाळ्या वाजवायचे. किराणा दुकानातल्या पेटीत आईने कधीतरी एक चिठ्ठी टाकली होती. त्या चिठ्ठीवर तिला चाकांची बॅग बक्षीस लागली होती, पण ती मिळवायची तर आधी इथे बसून सगळं ऐकून घ्यायला हवं. "मला बॅग हवीच होती," असं आई म्हणाली होती. बाबा जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं आणि तेव्हापासून आई घराबाहेर फार लांब गेली असेल तर भाजी आणायला. तरी थोरलीने बॅग कशासाठी म्हणून विचारलं नाही. ती मुकाट्याने सोबत आली.

"हॉटेलात तुम्ही पैसे देता नि हात हलवत परत येता, मॅडम," त्यांच्या टेबलावरचा टायवाला सांगत होता. "टाइमशेअरमध्ये तुम्ही मालक. हेच घर, दरवर्षी एक आठवडा तुमचा."

"आणि बाकीचे एकावन्न आठवडे?"

"इतर मालकांचे."

"म्हणजे एका घराला एकावन्न सवती," आई म्हणाली.

टायवाला हसला. त्याला हसायला शिकवलं असावं, कारण तो मधेच थांबला आणि थोरलीकडे वळला. थोरली एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सेसच्या ड्यूट्या लावायची. कोणाला कधी रजा द्यायची, कोणाची फिरवायची, कोण खरंच आजारी आहे आणि कोणाच्या मावसबहिणीचं लग्न आहे, हे तिला आवाजावरून कळायचं. त्याच कामावरच्या सुरात तिने विचारलं, की देखभालीचा खर्च दरवर्षी वेगळा का? तो वाढणार का? एखाद्या वर्षी जमलं नाही तर? आणि विकायचं म्हटलं तर घेणार कोण? पहिल्याचं उत्तर सरळ आलं. बाकीच्यांची उत्तरं तळ्याला वळसा घालून आली. जमलं नाही तर आठवडा बदलून मिळतो, दुसऱ्याला देता येतो, असं बरंच काही.

"पंचवीस वर्षं म्हणजे मी चौऱ्याण्णवची होईन," आई म्हणाली.

"तुमच्यानंतर मुलांच्या नावावर होतं, मॅडम. दोघांच्याही."

आईने कप खाली ठेवला आणि पेन उचललं. तळं, हवा, बाल्कनी यांतल्या कशानेही जे झालं नव्हतं ते या वाक्याने झालं, हे थोरलीने टिपलं. का, ते तिला तेव्हा कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "आई, खडू ओढल्याशिवाय?"

आईचा हात कागदावरच थांबला.

बाबा लाकडी सामान बनवायचे. त्यांच्या घरात कुठलीही मोठी वस्तू आधी खडूने यायची. फ्रिज घ्यायचा ठरला तेव्हा स्वयंपाकघरात जमिनीवर बाबांनी त्याचा चौकोन काढला, दार उघडेल तिथवर कमान ओढली आणि सगळ्यांना त्याला वळसा घालून चालायला लावलं. धाकटा भाऊ त्या चौकोनात बसून थंडी वाजतेय म्हणून कुडकुडायचा. रेषा पुसट झाली की बाबा ती पुन्हा गिरवायचे. एवढ्या दिवसांत कुणाची कुरकुर झाली नाही तर वस्तू यायची. पाहुण्यांसाठीचा पलंग असाच खडूतून पुढे सरकला नाही. आईचं म्हणणं असं, की ह्यांच्या खडूपायी माझी निदान दोन कपाटं बुडाली.

"खडू म्हणजे?" टायवाल्याने विचारलं.

"आमच्याकडची पद्धत आहे."

"पण ही किंमत फक्त आजच्यापुरती आहे, ताई."

"मग उद्याची काय असेल ती उद्या बघू," थोरली म्हणाली.

तो वरच्या साहेबांना घेऊन आला. साहेबांनी किंमत उतरवली, मग आणखी उतरवली. आई उठली. दाराशी मात्र ती अडून बसली आणि बॅग हातात पडल्याशिवाय हलली नाही.

बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. निम्मा रस्ता गेल्यावर म्हणाली, "त्या परक्या माणसासमोर ह्यांना कशाला मधे आणलंस?"

"मी बाबांचं नाव कुठे घेतलं?"

"खडू म्हटलंस की नाव घेतल्यासारखंच आहे."

खरं म्हणजे इतक्या महिन्यांत त्या दोघींमध्ये बाबांचं नाव निघालेलं हे पहिलंच.

घरी पोचल्यावर तिने चहा टाकला आणि आईला समोर बसवून एकेक मुद्दा काढला. एकदा द्यायचे ते पैसे एक वेळ सोड, पण देखभालीचे दरवर्षी द्यायचे, गेलो तरी आणि नाही गेलो तरी. आठवडा ते ठरवणार. घर तेच, तळं तेच. कंटाळा आला तर घेणारा मिळणार नाही. त्यापेक्षा मनात येईल तेव्हा, येईल तिथे, भाड्याने खोली घ्यावी आणि किल्ली परत करून मोकळं व्हावं. आईने सगळं ऐकून घेतलं. मान एकदाही हलवली नाही. मग म्हणाली, "झालं बोलून? मी उद्या फोन करून हो सांगणार आहे. माझे पैसे आहेत."

शेवटी थोरलीने धाकट्याला फोन लावला आणि तो टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला. धाकटा दुसऱ्या शहरात असे. बायको, मुलगी आणि कधीच न संपणारी नोकरी.

"आई, अगं तेवढ्या पैशांत तू दरवर्षी मस्त हॉटेलात राहशील," तो म्हणाला. "तू फक्त सांग. बुकिंग माझ्याकडे लागलं."

"बुकिंग करशील. येशील का?"

फोनमधून टायपिंगचा आवाज येत होता, तो थांबला. "ताई आहे ना तुझ्याबरोबर."

"ती कुठली यायला. सगळ्या हॉस्पिटलला रजा वाटते, स्वतःला द्यायची वेळ आली की हात आखडतो बाईचा." आईने फोन बंद केला. उठून खिळ्यावरची किल्ली काढली. "खडू म्हणालीस ना? चल. ओढूनच बघू."

वर्कशॉप मागच्या अंगणापलीकडे होतं. गिऱ्हाइकाच्या अर्धवट खुर्च्या न्यायला माणसं आली होती, त्यानंतर ते बंदच होतं आणि तेव्हाही कुलूप शेजाऱ्यांनी काढलं होतं. थोरली अंगणात कपडे वाळत घालायची ती दाराकडे पाठ करून. आत गेल्यावर तिने फक्त खिडक्या उघडायला हव्यात असं ठरवलं आणि एकेक करून चारही उघडल्या. चौथीची कडी गंजली होती, तिच्यावर जरा जास्त वेळ गेला. आई तोवर दाराशी उभी राहून हॉटेलातून आणलेला त्या तळ्याकाठच्या घराचा छापील आराखडा चष्म्याच्या खालून वाचत होती.

दुपारभर त्या आखत होत्या. आई मापं सांगायची, थोरली गुडघ्यांवर रांगत टेप लावायची. भुसा झाडावा लागला. तो गोळा करून टाकायला दोघींनाही सुचलं नाही, त्यांनी तो भिंतीशी लोटून ठेवला. आतली खोली झाली, न्हाणीघर झालं, चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल झालं, बाल्कनी दाराच्या उंबऱ्याला टेकली. रात्री पलंग होणारा सोफा मात्र अडला. त्याची रेघ थेट रंध्याच्या मशीनखाली जात होती.

"फोटोत केवढं दिसतं," आई म्हणाली. "ही बाल्कनी आहे का पायपुसणं?"

"फोटो कोपऱ्यातून काढतात."

"बरं, आता माणसं ठेव."

ही बाबांची दुसरी पायरी. वस्तू आखून झाली की तिच्याभोवती माणसं उभी करायची. थोरली खडू हातात घेऊन चौकटीत फिरली. "तू आतल्या खोलीत. धाकटा आणि वहिनी सोफ्यावर. भाची माझ्याजवळ, खाली गादी घालून. जेवताना एक खुर्ची कमी पडते."

"नाही पडत. मी चारच धरलीत. तू, तो, ती आणि पोरगी."

"आणि तू?"

"मी नसेन तेव्हाचंच चाललंय."

थोरली उठून उभी राहिली. गुडघे पांढरे झाले होते, ते तिने झटकले नाहीत.

"ह्यांना पोचवून आलात ना त्या दिवशी," आई म्हणाली, "तुम्ही दोघं दारात उभी होतात. मी आतून बघत होते. बँकेच्या रांगेत माणसं उभी असतात तशी. तू त्याला म्हणालीस, गाडी किती वाजता आहे. तो म्हणाला, सहाला. संपलं. भांडला असतात तरी चाललं असतं मला. भांडायलासुद्धा मधे काहीतरी असावं लागतं." तिने आराखड्याची घडी घातली. "आता फोन करता ते माझं औषध संपलं का, माझा गुडघा कसा आहे, म्हणून. मी गेले की कशावरून कराल? दोघांच्या नावावर एक आठवडा असला तर निदान तो कुणी वापरायचा यावरून तरी भांडाल."

थोरलीने सकाळपासून खर्च नि फायदा मनात शेजारी शेजारी मांडून ठेवला होता. फायद्याच्या बाजूला तिने तळं धरलं होतं, हवा धरली होती, आईची विश्रांती धरली होती. भाऊ धरला नव्हता. तो बाजूला ठेवून केलेला सगळा हिशेब बरोबर होता आणि आईच्या काडीच्याही उपयोगाचा नव्हता.

"आई, त्या घराने नाही व्हायचं हे," ती सावकाश म्हणाली. "तो टायवाला काय म्हणाला ते ऐकलंस ना? आठवडा बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. धाकटा त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी देईल. मी पुढे ढकलत राहीन. पंचवीस वर्षं आम्ही पैसे भरू आणि एकमेकांना पावत्या पाठवू. भांडणारसुद्धा नाही. तू ओळखतेस आम्हाला."

आई आखलेल्या पलंगाच्या कडेला उभी होती. तिने एकदम विचारलं, "मग मी काय करू ते सांग." हे तिने टोमण्यासारखं विचारलं नव्हतं.

"तू काही करू नकोस," थोरली म्हणाली. "हे तुझं कामच नाही."

तिने खिशातून फोन काढला. रजा नाकारताना कधी न अडखळणाऱ्या बाईला भावाचा नंबर लावायला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"पुन्हा काय म्हणाली आई?"

"आईचं काही नाही. मी बोलतेय. पुढच्या महिन्यात आठवडाभर इकडे ये. तिघंही या."

"ताई, पुढच्या महिन्यात ऑडिट—"

"कोणत्या आठवड्यात?"

"पहिल्या. दुसराही धर."

"तिसऱ्यात ये मग."

"अगं पण का? आईला बरं नाहीये का? खरं सांग."

"आई ठणठणीत आहे. मला हवंय म्हणून बोलावतेय." हे वाक्य बोलून झालं तरी तोंडात काहीतरी परकं राहिल्यासारखं तिला वाटलं. पण ती मागे फिरली नाही. "मी बाबांच्या वर्कशॉपमध्ये उभी आहे. हे मला एकटीला आवरायचं नाहीये."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"तू आत गेलीस?" धाकट्याने विचारलं. "मला मागच्या वेळी नाही जमलं. कुलपाला हात लावून परत आलो."

"मला माहीत नव्हतं."

"तू विचारलंस कुठे?"

"नाही विचारलं," थोरली म्हणाली. "तूही नाही विचारलंस."

"नाही." मग त्याने विचारलं, "अजून भुसा आहे का तिथे?"

"भरपूर."

"पोरीला शिंका येतील."

"येऊ देत. झोपायचं जमिनीवर, आतापासूनच सांगून ठेवते. आणि हे एकदाच नाही. दरवर्षी एक आठवडा. कुठे ते दरवेळी ठरवू. इथे, तुझ्याकडे, नाहीतर एखादी खोली भाड्याने घेऊन. बदलून मिळणार नाही आणि दुसऱ्याला देता येणार नाही."

"तू नर्सेसशी असंच बोलतेस?"

"त्यांच्याशी जरा गोड बोलते."

तो हसला आणि हसण्यातच म्हणाला, "बघतो."

"बघतो म्हणजे नाही. मी हे काम रोज करते, मला शिकवू नकोस. हो का नाही?"

पलीकडे त्याने बायकोला हाक मारली, काहीतरी कुजबूज झाली, कॅलेंडरचं पान उलटल्याचा आवाज आला. "हो," तो म्हणाला. "तिसरा आठवडा. शनिवारी निघू."

फोन ठेवला तरी आईचा चेहरा काही फुलला नव्हता. तिने सगळं कान देऊन ऐकलं होतं आणि भाजीवालीसमोर उभी राहते तशी ती उभी होती.

"मी एक वर्ष देते," ती म्हणाली. "हा आठवडा झाला, पुढच्या वर्षीचाही झाला, तर मानीन. दोघांतलं एक जरी कमी पडलं तर मी त्या टायवाल्याकडे जाऊन सही करून येणार. तेव्हा तू खडू म्हण नाहीतर आणखी काही म्हण."

"कबूल."

"आणि सोफा अर्धाच राहिलाय. तो ओढ पुरा."

थोरलीने रंध्याच्या मशीनला खांदा लावला. लोखंडी पाय जमिनीला जणू चिकटले होते. तिने पाय रोवून पुन्हा जोर केला. मशीन काही हललं नाही.

"राहू दे," आई म्हणाली. "ते एकटीचं काम नाही. शनिवारी तो आला की दोघं मिळून उचला."