पंचविसावा पैलवान

हे सगळं धाकटा लिहूनच ठेवणार नव्हता. एक तर लाज वाटत होती. दुसरं म्हणजे, झालं काय ते त्याला स्वतःलाच अजून अर्धंमुर्धं कळलेलं. मग वाटलं, नाही लिहिलं तर कळलंय तेवढंही डोक्यातून जाईल.

धाकटा म्हणजे लॉन्ड्रीतला धाकटा. दुकान मोठ्या भावाचं, इस्त्री दोघांची. त्याचा शाळेपासूनचा दोस्त दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो, म्हणून सगळे त्याला कवळ्याच म्हणतात. त्याची आईसुद्धा.

गेले आठ महिने धाकटा एकाच गोष्टीच्या मागे होता. लहानपणीच्या एका कुस्तीच्या व्हिडिओ गेमचा रन, म्हणजे अख्खा गेम कमीत कमी वेळात जिंकून दाखवायचा. हा रन हाताने खेळायचा नसतो. कॉम्प्युटरवर गेम इतका हळू करायचा की एका सेकंदाचे साठ तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकड्याला कुठलं बटण दाबायचं ते निवांत ठरवायचं. चुकलं की मागे. परत चुकलं की परत मागे. शेवटी बटणांची एक फाइल तयार होते. ती चालवली की गेम स्वतःच स्वतःला खेळतो, आणि असा खेळतो की कुठल्या माणसाच्या बोटांना जमू नये. धाकट्याचा पैलवान सात कुस्त्या मारून नऊ मिनिटं एकेचाळीस सेकंदांत अजिंक्यपदाचा पट्टा जिंकत होता. असले रन जमवणाऱ्या साइटवर आधीचा सगळ्यात वेगवान रन दहा मिनिटांच्या वरचा होता.

त्या साइटवर कवळ्या जुना माणूस. तिथे त्याच्या शब्दाला वजन. त्याने लिहून टाकलं होतं, 'माझा दोस्त रन पाठवतोय, अगदी खरा आहे, जबाबदारी माझी.' तेही न बघता, कारण धाकटा दाखवतच नव्हता. पूर्ण झाल्यावर एकदम बघ, म्हणायचा.

रविवारी फाइल पाठवली. मंगळवारी सकाळी कवळ्याचा फोन.

"अरे, तुझा माणूस हरला."

"कुठला माणूस?"

"पैलवान तुझा. तिसऱ्या कुस्तीत. हवेत ठोसे मारत बसलाय आणि समोरचा मागून येऊन उचलून आपटतोय."

"तू चुकीची फाइल लावली असणार."

"तूच दिलेली लावली. चार वेळा. चारही वेळा तसाच आपटला."

धाकट्याने इस्त्री उभी ठेवली. दादा पलीकडून म्हणाला, "शर्ट जळला तर गिऱ्हाईकाला काय कुस्ती दाखवणार आहेस?"

जेवणाच्या सुट्टीत धाकटा लॅपटॉप काखेत मारून लॅबमध्ये गेला. प्लास्टरचे जबडे बाजूला सारून दोघांनी लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. एकच फाइल, दोन्हीकडे. धाकट्याच्या लॅपटॉपवर पैलवान पट्टा उंचावत होता. कवळ्याच्या लॅपटॉपवर तोच पैलवान उताणा पडला होता, आणि हरल्यावरही गप्प बसत नव्हता. बटणं पुढे चालूच होती ना. त्यामुळे गेम मेन्यूत गेला, आवाज बंद केला, गुलाबी चड्डी निवडली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

"नशा केल्यासारखं करतोय," कवळ्या म्हणाला. पण हसला नाही. "एक विचारू? राग मानू नकोस. गेममध्ये काही हात घातलास का? ताकद वाढवलीस, असलं काही?"

"तुला तसं वाटतंय?"

"मला काही वाटत नाही रे. मी तिथे लिहून बसलोय."

नाही म्हणावं तर समोरचा पडलेला पैलवान धाकट्याला खोटं पाडत होता. शप्पथ घ्यावी तर ती कशाची, हेही सुचेना. त्याने गेमची कॉपी तपासली, तीच. प्रोग्रॅम तोच, सेटिंग तीच. एकच वजाबाकी दोनदा करावी आणि दोन उत्तरं यावीत, तसं झालं होतं.

"ती वरची कवळी आज जायची आहे," आतून लॅबच्या मॅडम म्हणाल्या. "तुमची कुस्ती सुटली की सांगा."

मग दोघांनी एकेक तुकडा पुढे सरकवायला घेतलं. पहिली कुस्ती सारखी. दुसरी सारखी. तिसऱ्या कुस्तीत बाहेरचा एक पैलवान खुर्ची घेऊन मधेच रिंगणात घुसतो. धाकट्याकडे मुखवटेवाला जाड्या घुसला. कवळ्याकडे टकलू लंब्या.

"हा कुठून आला?"

"गेम चिठ्ठी काढल्यासारखा कुणालाही उचलतो. यादीतून. पण बटणं तीच असली की चिठ्ठीही तीच निघते."

यादी उघडली. कवळ्याकडे चोवीस पैलवान. धाकट्याकडे पंचवीस. रनमध्ये या पानावर जावंच लागत नाही, म्हणून आठ महिन्यांत त्याने ते एकदाही उघडलं नव्हतं. चिठ्ठ्या एकाने जास्त, म्हणून माणूसच वेगळा निघत होता, आणि जाड्यासाठी ठरवलेले ठोसे हवेत जात होते.

पंचविसावा गेमचा नव्हता. या गेममध्ये आपला पैलवान बनवून ठेवता येतो, तसा कुणीतरी घरी बसून बनवलेला. काडीपैलवान, कान सुपाएवढे, चड्डी जांभळी. ताकद शून्य. वेग शून्य. नाव: धाकटा.

हा लॅपटॉप कवळ्याचाच जुना. नवा घेतल्यावर त्याने गेमसकट देऊन टाकला होता.

कवळ्याचे कान लाल झाले. "नववीत असताना बनवला. आपलं भांडण झालं होतं ना, तेव्हा. शाळेतून आलो की मारायचो तुला."

"रोज?"

"दोनदा."

"भांडण कशावरून झालं होतं?"

कवळ्याने डोकं खाजवलं. "तुला आठवतं का?"

धाकट्यालाही आठवेना. हसावं की एक ठेवून द्यावी, तेही ठरेना. आपण चोर नाही हे सिद्ध झालं होतं, पण त्याच झटक्यात रन मेला होता. साइटचा नियम साधा आहे: गेमची मेमरी कोरी पाहिजे, आधीचं काहीही साठवलेलं नको. दोन कुस्त्या वाचत होत्या. पाच गेल्या. म्हणजे सहा महिने गेले.

त्याने पंचविसावा पुसला आणि फाइल परत चालवली. आता दोन्हीकडे पैलवान एकाच आपटीत आडवा झाला, दोन्हीकडे गुलाबी चड्डी. हरल्याचा आनंद त्याला आयुष्यात पहिल्यांदा होत होता, आणि तोही धड होत नव्हता.

"साइटवर लिहितो, चूक माझी," कवळ्या म्हणाला. "शून्य ताकदीचा केला तरी तूच भारी पडलास बघ." मग त्याचा आवाज बदलला. "पण खरं सांगू? आठ महिने मी म्हणतोय, दाखव, दाखव. एकदा जरी माझ्याकडे चालवला असतास तर तिसऱ्याच महिन्यात कळलं असतं. मला काय तू टाळ्या वाजवायला ठेवलंयस?"

धाकटा लॅपटॉपवर सांडलेलं प्लास्टर बोटाने पुसत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "आता एकेक कुस्ती झाली की फाइल तुझ्याकडे. तुझ्या मशीनवर माझा माणूस जिंकल्याशिवाय मी पुढच्या कुस्तीचं एक बटणही दाबणार नाही. शब्द."