ढब्बू जेवत नाही

मुलींच्या वसतिगृहाची खाणावळ मी एकतीस वर्षं चालवली. रोज दोनशे ताटं. तिथे माझा एकच कायदा होता: जी पोरगी ताट सरकवेल तिची मनधरणी करायची नाही. ताट झाकून फळीवर ठेवायचं आणि आपल्या कामाला लागायचं. संध्याकाळपर्यंत पोरगी खाली मान घालून स्वयंपाकघराच्या दारात हजर व्हायची. एकतीस वर्षांत एकही उपाशी मेली नाही.

तोच कायदा मी ढब्बूला लावला.

ढब्बू ही माझ्या ताईची मांजर, चांगली गरगरीत. ताई गेल्या आठवड्यात वारली. शेवटी माझा हात धरून एवढंच म्हणाली, "ढब्बूला नीट खायला घाल गं." म्हटलं, जन्मभर दुसरं केलंय काय मी? टोपलीत घालून ढब्बूला घरी आणलं, मासळी उकडून, काटे काढून बशीत वाढली. तिने वास घेतला आणि कपाटाखाली जाऊन बसली.

"कर नखरे," मी म्हटलं. "भूक लागली की येशील."

बशी झाकली. दुसऱ्या दिवशी ताजी मासळी, तिसऱ्या दिवशी कोंबडी. ढब्बू जागची हलली नाही आणि मीही वाकले नाही. चौथ्या दिवशी झाडू मारताना तिला बाहेर ओढलं, तर ती फडक्यासारखी हातात आली. कान आतून पिवळे झाले होते. तशीच तिला टोपलीत घालून दवाखाना गाठला.

जनावरांची डॉक्टरीण माझ्या खाणावळीतल्या पोरींच्याच वयाची. तिने ढब्बूच्या हिरड्या पाहिल्या.

"किती दिवस पोटात काही नाही?"

"चार. पण मी रोज ताजं वाढत होते."

"मग थांबलात कशासाठी?"

मी तिला माझा कायदा सांगितला. ती म्हणाली, मांजर हट्टाने उपाशी राहत नाही, दुःखानेही खाणं सोडतं. जाड मांजर तीन-चार दिवस जेवलं नाही की अंगातली चरबी यकृतात साठते, आणि मग त्याला भूक म्हणून लागतच नाही. "तुम्ही ज्या भुकेची वाट बघत होतात ना आजी, ती आता येणारच नाही." तिने सलाईन लावलं, औषध टोचलं आणि बिनसुईची पिचकारी माझ्या हातात दिली. दर दोन तासांनी पातळ खाणं थोडं थोडं तोंडात घालायचं. "दोन दिवस बघू. नाहीच टिकलं पोटात, तर तिचे हाल नका करू."

त्या दोन दिवसांतला आज दुसरा.

कोंबडी वाटून, गाळून, कोमट करून मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले आहे. ढब्बू टॉवेलात गुंडाळून मांडीवर. पिचकारी गालाच्या कडेने घालते, ती जिभेने बाहेर ढकलते. माझा पदर, चष्मा, सगळं बरबटलंय. दोनशे जणींना जेवायला घालणारी मी, आणि एका मांजराच्या पोटात चमचाभर जाईना.

ताईसुद्धा शेवटचा महिनाभर जेवत नव्हती. मी रोज डबा घेऊन जायचे. ती दोन घास खाऊन ताट सरकवायची, म्हणायची, "बस ना जरा." मी बसले नाही. ताट झाकलं, म्हटलं, "भूक लागली की घे," आणि परतले. मला तिचा राग यायचा, इतकं रांधून आणते आणि ही बघतही नाही. आता वाटतं, माझं थोबाड फोडून घ्यावं.

"एवढं गिळ गं बाई," मी ढब्बूला म्हणते. "पाया पडते तुझ्या."

ती गिळते. मी श्वास रोखून बघते. दुसरं गिळते, तिसरंही. मग तिचं पोट ढवळतं आणि सगळं माझ्या मांडीवर येतं.

मी मांडी पुसते. तिचं तोंड पुसते. पिचकारी पुन्हा भरते.

"मी कुठे जात नाही, इथेच बसलेय," मी तिच्या कानाशी म्हणते. "एक घास घे ना, ताई."