खडू संपलेत

"हा माणूस शाळा बंद करायलाच आलाय, लिहून ठेव," मार्लीन कोस्टेकी जिन्यात थांबून मुख्याध्यापक ग्लेनला म्हणाली. "सगळ्यांना डोनट आणतो. उगाच कोण आणतं?"

ग्लेनने नुसते खांदे उडवले. ओहायोतल्या त्या हायस्कूलवर सलग तीन वर्षं नापासाचा शिक्का बसला होता, म्हणून राज्याने ड्वेन प्रुइटला देखरेखीसाठी त्यांच्या डोक्यावर आणून बसवलं होतं. यंदा निकाल सुधारला नाही तर शाळेला टाळं लागणार होतं. उपमुख्याध्यापिका मार्लीन याच शाळेत शिकली, इथेच तिची उभी हयात गेली. प्रुइट नाकासमोर चालला तरी तिला त्यात काळंबेरं दिसे.

सकाळच्या बैठकीत त्याने शांतपणे विचारलं होतं, "तुम्ही रोज वर्ग बघता, सगळं उत्तम म्हणता. मग मुलं नापास का होतात?" मार्लीनच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलांच्या घरची हलाखी तिने त्याला चांगली ऐकवली.

बाहेरच्यांना वर्ग उत्तम दिसावेत म्हणून काढलेली युक्ती तिचीच होती. तपासनीस आले की वर्गावर्गातल्या वॉकीटॉकी रेडिओवर "खडू संपलेत" म्हणायचं आणि मजला सांगायचा. त्या शाळेत खडू कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. शिक्षक सावरत, मुलांचे फोन दप्तरात जात. पाहुणे यायचे म्हणून घर आवरण्यात गैर काय, असं तिला वाटे.

दुपारी तिच्या रेडिओची बॅटरी गेली. शिक्षकांच्या खोलीतला एक उचलून ती हेदर ब्रँटच्या गणिताच्या वर्गाकडे निघाली. हाच वर्ग दाखवून प्रुइटचं तोंड बंद करायचं तिने ठरवलं होतं. हातातला रेडिओ शिक्षकांच्या आपसातल्या चॅनलवर लावलेला होता. तिकडे तिने कधी लक्षच दिलं नव्हतं. ती दुसऱ्या मजल्यावर पोचते न पोचते तोच त्या रेडिओवर आवाज आला, "खडू संपलेत. दुसरा मजला."

तिने झटकन मागे पाहिलं. प्रुइट पाठलाग करतोय, तिची खात्रीच झाली. पण कॉरिडॉरमध्ये तिच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.

म्हणजे हा इशारा तिच्याचसाठी होता. ती परत जिन्यात येऊन कठड्याला धरून उभी राहिली. थोड्या वेळाने तोच आवाज आला, "मिळाले खडू. गेली बाई." मागे कुणीतरी हसलं.

मार्लीनने टाचांचे बूट काढून हातात घेतले आणि हेदरच्या दाराच्या काचेतून आत पाहिलं. मुलं फोनमध्ये मान घालून बसली होती. दोघं झोपली होती. हेदर टेबलावर कपाळ टेकून बसली होती. पांढऱ्या फळ्यावर मार्करने लिहिलेलं तेच गणित होतं, जे मागच्या महिन्यात पाहून मार्लीनने तिची पाठ थोपटली होती. तिला हेदरचा राग आला नाही. स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

ती खाली आली तर प्रुइट कॉफी घेऊन उभा होता. याने हे पाहिलं तर टाळं नक्की, हे तिला कळत होतं.

"चला, वर्ग बघू," ती म्हणाली.

आपण वर येतोय हे कळवायला त्याने सवयीने टेबलावरचा रेडिओ उचलला.

"तो राहू द्या इथेच."

आणि बूट हातात धरून, नुसत्या मोज्यांवर, ती त्याच्या पुढे जिना चढू लागली.