मशीन आपणहून थांबली

शरयूनं लोखंडी शिडीवर उभं राहून नळावरचा पांढरा थर नखानं खरवडला. काही निघालं नाही. मग तिनं पेचकसाची मूठ आपटली, तेव्हा एक टवका सुटून खाली अंबादासच्या पायाशी पडला.

"हे कधीपासून आहे, काकाजी?"

"चार वर्षं झाली." कॉम्प्रेसरच्या धडधडीत अंबादास ओरडूनच बोलला. "थंड करायला नळांवर सोडतो ते पाणी खारं आहे इथलं. मी दरसाल सांगून राहिलो."

सिहोऱ्याच्या त्या शीतगृहात अंबादास बावीस वर्षं मशीन सांभाळत होता. आत बियाण्याच्या बटाट्यांची नऊ हजार पोती होती, आणि पारा सात अंशांखाली यायला तयार नव्हता. तीन हवे होते. आणखी पंधरा दिवस असंच राहिलं असतं, तर पोत्यांतच मोड फुटले असते. मशीन म्हातारी झाली आणि तिचा माणूसही, असं मालक श्रीरंगबाबूंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. नवी घ्यावी का, हे विचारायला त्यांनी जबलपूरजवळच्या रांझीहून शीतगृहांच्या मशीन दुरुस्त करणाऱ्या शरयूला बोलावलं होतं.

अंबादासला ते ठाऊक होतं. सकाळपासून तो तिच्या मागं हिंडत होता आणि तिनं हात लावलेलं प्रत्येक झाकण पुसून ठेवत होता.

शरयू शिडी उतरली.

"मशीन चांगली आहे. आतली गरमी बाहेर टाकायची ती या नळांतून, आणि नळच असे लिंपून बसलेत. साफ काहून नाही केले?"

"मालक मशीन बंद करू देत नाही."

"बंद नका करू. अर्धे नळ आज, अर्धे उद्या."

अंबादासनं नळांकडं पाहिलं, मग तिच्याकडं. तो कोठीत गेला आणि तारेचे दोन ब्रश घेऊन आला. कागदात गुंडाळलेले, कोरे. कागद पिवळा पडला होता.

दोन दिवस दोघांनी नळ घासले. तिसऱ्या दिवशी आतला साचलेला बर्फ उतरवला आणि दाराचं फाटकं रबर बदललं. चौथ्या दिवशी बाराच्या सुमारास मशीन थांबली.

पत्र्यावरच्या कबुतरांचा आवाज खाली ऐकू आला. अंबादास खटक्याकडं धावला.

"राहू द्या, काकाजी. आत तीन झाले. काम झालं म्हणून आपणहून थांबली. पाऊण तासानं आपणच सुरू होईल."

मार्चपासून ती एकदाही थांबली नव्हती. अंबादासनं तिच्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला.

श्रीरंगबाबू कचेरीतून धापा टाकत आले.

"क्या हुआ? बंद पडली?"

"नाही, बाबूजी," अंबादास म्हणाला. "दम घेऊन राहिली."

ते आत जाऊन पारा पाहून आले, ते दंड चोळतच.

"नवी मशीन रहने दो," ते शरयूला म्हणाले. मग दाराकडं पाहत म्हणाले, "अंबादासजी, दरसाल सफाईला माणसं किती लागतील?"

"चार. दोन दिवस."

"घेत जा."

ते गेले. अंबादास शरयूकडं वळला.

"दीदी, पाऊण तास पक्का?"

"पक्का. मी आहे इथं."

त्यानं सायकल काढली. घर बाजारामागं, पाच मिनिटांवर होतं. बटाट्याच्या हंगामात तो दुपारी कधी घरी आला नव्हता. त्याची बायको भानुमती नुकतंच ताट वाढून बसली होती. दारात त्याला पाहताच ती उठली.

"काहून आले? नोकरी गेली?"

"नाही. जेवायला आलो."

ती त्याच्याकडं पाहतच राहिली. तो हातपाय धुऊन आला, तोवर ती दुसरं ताट घेत होती.

"राहू दे," तो म्हणाला. "यातच जेवू दोघं."

भानुमतीनं एकदा रस्त्याकडं पाहिलं, दार अर्धं लोटलं, आणि त्याच्यासमोर बसून पोळी मोडली.